सांजचा आकाशपाळणा

संक्रांत झाली की आमच्या पेठेतल्या मैदानावर पाळणेवाले उतरतात. यंदाही उतरले. आधी एक ट्रक आला, मग लोखंडी पाइपांचा ढीग पडला, मग दोरखंड, बोल्ट, रंग उडालेले डबे आणि त्यात झोपलेली पाळणेवाल्यांची कुत्री. बघता बघता आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या आभाळात आकाशपाळणा उभा राहिला. संध्याकाळी त्याचे दिवे लागले, तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, कणीक मळत होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिनं कोपरानं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

"धूळ येते," म्हणाली.

धूळ येते म्हणून खिडकी लावायची, तर सोलापुरात ती बारा महिने लावूनच ठेवावी लागेल. हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी गप्प बसलो. संसारात कधी बोलायचं नाही एवढं मला आता कळायला लागलंय. कधी बोलायचं, ते शिकायचं बाकी आहे.

मी भूगोलाचा मास्तर. पृथ्वी गोल आहे आणि ती फिरते, एवढ्या दोन गोष्टींवर माझं घर चाललं. पण फिरणाऱ्या गोल वस्तूत स्वतः बसायची वेळ आली की मी डोळे मिटून घेतो. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत सुनंदानं हौसेनं मला पाळण्यात बसवलं होतं. डबा वर गेल्यावर मी घाबरून जो हात धरला, तो तिचा नव्हता, समोर बसलेल्या कुणा अनोळखी काकांचा होता. मग खाली येईपर्यंत मी महाराष्ट्रातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणत होतो. काका सज्जन होते. भीमेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. उतरल्यावर सुनंदानं सगळ्यात आधी त्यांची माफी मागितली.

पुढं आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली आणि सुनंदा नगरसेविका म्हणून निवडून आली. आपल्याकडे अशा वेळी नवऱ्याला आपोआप 'साहेब' म्हणतात. कारभार त्यानं बघायचा आणि सही बाईनं करायची, असा रिवाज. मलाही लोक साहेब म्हणायला लागले. मीही एकदा मोठ्या ऐटीत गटाराची पाहणी करायला गेलो आणि पाहणी करता करता गटारात गेलो. त्या दिवशी पेठेला कळलं की नगरसेविका खरोखर सुनंदाच आहे. मग लोक थेट तिच्याकडे यायला लागले आणि मी चहा करायला लागलो. चहा मला बरा जमतो.

हे सगळं हसत सांगता येतं. खिडकीचं मात्र हसत सांगता येत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय यंदाचा हा पाळणाही मला नीट बघता येत नाही.

साथीचा तो उन्हाळा सगळ्यांच्याच लक्षात असेल. सोलापूरचा उन्हाळा एरवीही माणसाला घरात कोंडून घालतो, पण दुपारपुरता. त्या वर्षी त्यानं अख्खा दिवस कोंडलं. मला पहिल्यांदा जाणवलं ते माग थांबलेले. आमच्या मागच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट मी जन्मापासून इतकी ऐकली होती की ती मला ऐकूच यायची नाही. ती थांबली, तेव्हा कानात काहीतरी बिघडलं असं वाटून मी कान झटकले होते. त्या शांततेत भिंतीवरच्या पालीचा आवाज यायचा, शेजारच्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटाचा यायचा आणि लांबवर कुठंतरी रुग्णवाहिकेचा यायचा. तो जवळ येतोय का लांब जातोय, हे ठरेपर्यंत घरातलं कुणीही श्वास सोडायचं नाही.

मैदानावर एक आकाशपाळणा अडकून पडला होता. जत्रा कधीच उठली होती, बाकीचे पाळणेवाले पुढच्या गावी गेले होते. या पाळण्याच्या मालकाचा, दशरथचा, ट्रक मात्र दुरुस्तीला गेलेला. ट्रक येईपर्यंत थांबू म्हणून तो आणि त्याची बायको कांताबाई मागं राहिले, आणि मग सगळंच बंद झालं. पाळण्याच्या पायाशी ताडपत्रीचं छप्पर घालून दोघं राहायला लागली. मंद्रूपच्या बाजूची माणसं. माझ्या आईचं माहेर तिकडचंच. माहेरच्या दिशेनं आलेला वारासुद्धा आईला नात्यातला वाटतो, इथं तर माणसं होती. पहिल्याच दिवशी तिनं पितळी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरली आणि मला मैदानाकडं पिटाळलं.

डबा परत आला तो रिकामा आला नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे कांताबाई त्या ताडपत्रीखालीही विसरली नव्हती. तिच्याकडे द्यायला होतं काय? तरी डब्यात कधी कडुलिंबाचा मोहोर असायचा, कधी मैदानाच्या कडेच्या चिंचेचे आकडे, कधी नुसती चिमूटभर साखर. एकदा तर तिनं धुवून पुसून एक लाल काचेचा दिवा पाठवला, पाळण्यावर लावतात तसला. आईनं तो देवापुढं ठेवला. वीज नसलेला दिवा देवाला काय उपयोगाचा, असं मी म्हटलं. तुझा तरी काय उपयोग होतोय, तरी ठेवलाय की घरात, असं आई म्हणाली.

रोज सांजेला, लोखंड हाताला सोसेल इतकं निवलं की, दशरथ पाळणा फिरवायचा. इंजिनाला डिझेल नव्हतं, म्हणून हातानं. कांताबाई एकेक डबा फडक्यानं पुसायची आणि त्याचा आडवा दांडा लावायची. मग दशरथ उदबत्ती ओवाळायचा, पाय रोवायचा आणि खालचा डबा खांद्यानं ढकलायचा. सुरुवातीला पाळणा कण्हायचा. मग सैल होऊन हळूहळू फिरायला लागायचा. आत कुणी नाही, गाणं नाही, दिवे नाहीत, आणि त्या बंद शहरावर एवढं मोठं चाक फिरतंय.

मी एकदा त्याला विचारलं, कुणी बसणार नाही तर एवढी मेहनत कशाला?

"बेअरिंगला रोजची सवय पायजे, गुरुजी," तो म्हणाला. "एक दिस चुकला तर रुसतंय. पावसात उभं ऱ्हायलं तर गंजून घट्ट धरतंय. एकदा धरलं की मग ते आपलं न्हाय."

फिरवून झालं की तो पाळण्याखाली उभा राहायचा, मान वर करायचा आणि तोंडाशी हात धरून हाक मारायचा.

"वर कोण हाय काऽ?"

मग थांबायचा. कुणाचं उत्तर येतंय का, ते खरोखर ऐकायचा. त्याच्या बापाच्या काळात एकदा सगळ्यात वरच्या डब्यात एक म्हातारा झोपून गेला होता आणि पाळणा बंद करून मंडळी जेवायला गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरात हाक मारल्याशिवाय पाळणा बांधत नाहीत. मी म्हटलं, अरे, पण आता तर रिकामाच आहे.

"रिकामा हाय का न्हाय, तेच तर इचारतोय की," दशरथ म्हणाला.

पहिल्या आठवड्यातच एका सांजेला ती हाक आली आणि आमच्या गच्चीवरून आई ओरडली, "हाय रे बाबा, हाय."

खाली दशरथ दचकला आणि मग हसला. दुसऱ्या दिवशी हाक आली, तेव्हा आई कठड्याशी तयारच होती. हळूहळू इतर गच्च्यांवरूनही उत्तरं यायला लागली. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत. काही जण नुसती ताटली वाजवायचे. कुणाच्या गच्चीवरून उत्तर आलं नाही, तर शेजारचा वाकून बघायचा, बरं आहे ना. मी त्या वेळी दुपारभर फोनवर भूगोल शिकवत असे. समोर नावांच्या काळ्या चौकटी. मुलांनो, आहात का, असं मी दर पाच मिनिटांनी विचारायचो. उत्तर यायचं नाही. त्यामुळे सांजेला दशरथच्या हाकेला एवढी उत्तरं आलेली ऐकली की मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

आता इतक्या वर्षांनी मागं बघताना वाटतं, तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण माणसं गच्चीवर किती दिवस थांबणार?

आधी मुलं खाली उतरली. मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत, मग दोरीच्या आत. मुलांना आणायला म्हणून बाया उतरल्या आणि बाया उतरल्या म्हणून गप्पा सुरू झाल्या. एका रविवारी सांजेला तर मैदानावर चक्क जत्रा जमली. कुणीतरी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. तोंडावरचे मास्क हनुवटीवर. दशरथ हात जोडून सांगत होता, लांब व्हा, लांब व्हा. त्याचं कोण ऐकतंय. कितीतरी दिवसांनी माणसं माणसांच्या इतक्या जवळ उभी होती. मीही उभा होतो. खोटं कशाला सांगू, शेंगाही खाल्ल्या.

पुढच्या काही दिवसांत मागच्या गल्लीत रुग्णवाहिका आली. या वेळी आवाज लांब गेलाच नाही. नारायणकाकांच्या दारात थांबला. नारायणकाका म्हणजे जुन्या गिरणीतून निवृत्त झालेले, घरात तेलुगू बोलणारे, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. त्या रविवारी ते खाली उतरले नव्हते. त्यांची सून आणि नातू उतरले होते. सुनेला नुसता ताप आला. काकांच्या बायकोला मात्र श्वास घेता येईना. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी त्यांना नेलं. काका दारात उभे राहिले. सोबत जायची परवानगी नव्हती. कधी नाही ते त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं.

त्यांनीच तक्रार केली. बंदी असताना मैदानावर पाळणा चालू आहे, असं लिहून त्यासोबत फोटो जोडला. फोटोत फिरता पाळणा होता आणि खाली गर्दी. डबे रिकामे आहेत, हे फोटोत कळत नव्हतं.

मैदानाचा परवाना प्रभाग समितीकडचा, म्हणून विषय समितीपुढं आला. मुलूख सुनंदाचा, म्हणून तिचं मत आधी. सभा फोनवर होती. सभेच्या आदल्या दिवशी कांताबाई आमच्या फाटकापाशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. पदरानं तोंड झाकून बाहेरच उभी राहिली.

"ताई, दुसरं काय मागत न्हाई," ती म्हणाली. "पाळणा फिरला न्हाय तर आमचं काय ऱ्हात न्हाय. एवढं ध्येनात ठेवा."

सुनंदानं मान हलवली. संध्याकाळी नारायणकाकांनी त्यांच्या गच्चीवरून हाक मारली. दोन गच्च्यांमध्ये एक गल्ली. ते कधीच मोठ्यानं बोलायचे नाहीत, त्यामुळे आम्हाला कान देऊन ऐकावं लागलं.

"सुनंदम्मा, मी तुला काय कर, काय नको कर, ते सांगत नाही. माझी बायको आत आहे. तिला नळी लावली आहे. आणि इथून मला मैदान दिसतं, एवढंच."

त्या रात्री सुनंदा जेवली नाही. मी तिला दोन्ही बाजूंनी समजावलं. मास्तर माणूस, मला दोन्ही बाजू नेहमीच पटतात. शेवटी ती म्हणाली, तुम्ही चहा करा.

सभा आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. फोन धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी धरला. फोनमध्ये स्वतः दिसायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. आधी गाळ, मग पाणी, मग फवारणी, मग आमचा विषय. अधिकाऱ्यांनी आदेश वाचला. मनोरंजनाची सर्व साधनं बंद. त्यावर एका जुन्या सदस्यांनी विचारलं, माणूस बसला नसेल तर मनोरंजन कुणाचं होतंय? दुसरे म्हणाले, बघणाऱ्याचं. तिसरे म्हणाले, मग रस्त्यावरून बैल गेला तरी लोक बघतात, त्याला परवाना लावायचा का? कुणाच्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. सभापती म्हणाले, विषयाला धरून बोला. मग रिकाम्या पाळण्याला मनोरंजन म्हणायचं की यंत्राची देखभाल म्हणायचं, यावर चर्चा झाली. चांगली अर्धा-पाऊण तास झाली. एकेकाचं बोलणं ऐकून मला हसू येत होतं, पण मोकळेपणानं हसता येत नव्हतं. कारण हे सगळे शब्द फिरून फिरून शेवटी सुनंदापाशीच येऊन थांबणार होते.

ती बोलली तेव्हा खालच्या आवाजात बोलली.

"तो मनोरंजन आहे की नाही, मला माहीत नाही. तो फिरला की माणसं खाली उतरतात, हे मी बघितलंय. मी माणसांना थोपवू शकत नाही. पाळण्याला थोपवू शकते. तो बंद ठेवावा."

ती बोलत असताना माझ्या हातातला फोन छताकडं कलला. नंतर एक सदस्य म्हणाले, मॅडम, तुमचा पंखा फार सुंदर दिसला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांनी पाळण्याला साखळी घातली, कुलूप लावलं, कुलपावर लाख लावून मोहोर उठवली. दशरथ बाजूला उभा राहून बघत होता. साखळी घालायच्या आधी त्यानं एक मिनिट मागून घेतलं, मान वर केली आणि हाक मारली. दुपारची वेळ. गच्च्या तापलेल्या. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आई झोपली होती.

आईनं त्या दिवशीही डबा पाठवला. तो धुवून, लख्ख घासून परत आला. झाकण उघडलं तर आत काही नव्हतं.

आईनं डबा उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला आणि फळीवर ठेवला. सुनंदानं तो डबा बघितला, हे मी बघितलं. पुढचे कितीतरी महिने आमच्याकडून जेवण जात राहिलं आणि डबा तसाच येत राहिला, स्वच्छ.

मग पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चुकून आल्यासारखा येतो, पण त्या वर्षी बरा झाला. पाळण्याच्या पाइपांवरून पाणी ओघळायचं. आधी रंगाचे ओघळ, मग तांबडे ओघळ. सांजेची हाक बंद झाली होती. आई सवयीनं गच्चीवर जायची, थोडा वेळ उभी राहून खाली यायची.

नारायणकाकांच्या पत्नी परत आल्या. भिंतीला धरून चालायच्या, पण आल्या. त्या पावसाळ्यात आमच्या त्या दोन गल्ल्यांतून कुणी गेलं नाही. बाकी शहरात काय झालं, ते मी इथं लिहीत बसत नाही, सगळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे कुणी गेलं नाही, ते पाळणा थांबवला म्हणून की नुसतंच, ते मात्र कधीच कळणार नाही. हेच सुनंदाला खातं. कुणाचा जीव वाचला असेल, तर तो माणूस येऊन सांगणार नाही की मी वाचलो. त्याला स्वतःलाच ठाऊक नसणार. तो आत्ताही मंडईत भाजी निवडत असेल. गंजलेला पाळणा मात्र रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता.

थंडी पडली, तसे नियम सैल झाले. समितीनं एकमतानं पाळण्याला परवानगी दिली. एक डबा सोडून एक भरायचा, हात धुवायला पाणी ठेवायचं, अशा अटी. माणसं आली, लाख फोडली, साखळी काढली. सांजेला दशरथनं उदबत्ती लावली. कांताबाईनं सगळे डबे पुसले. दशरथनं खांदा लावला.

पाळणा हलला नाही.

त्यानं पुन्हा लावला. गल्लीतली दोघं-तिघं गेली. मीही गेलो. मी लावलेल्या जोरानं फार फरक पडणार नव्हता, हे दशरथनंही ओळखलं असणार, पण त्यानं मला जागा करून दिली. वरून एक लांब, ओला, दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि थांबला. मग काही दिवस रॉकेल ओतणं, घणानं ठोकणं, मिस्त्री आणणं चाललं. ठोकता ठोकता एका बाजूचा खांब तडकला. त्यानंतर ठोकणं थांबलं.

ज्या दिवशी भंगारवाला गॅसची नळकांडी घेऊन आला, त्या दिवशी सुनंदानं पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, चला. मैदानात निळ्या ज्वाळेनं एकेक पाइप कापला जात होता. दशरथ आणि कांताबाई ताडपत्रीपाशी बसली होती. सुनंदा त्यांच्या समोर जमिनीवरच बसली. मी पाइप मोजल्यासारखं करत उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं सुनंदा म्हणाली, "दशरथ, परवा पोळ्या लाटताना मनात आलं. पहाटे फिरवला असता तर?"

दशरथनं तिच्याकडं बघितलं.

"उजाडायच्या आधी," ती म्हणाली. "सगळे झोपेत असताना. हाक न मारता. मी तशी अट घालून परवानगी मागितली असती, तर दिली असती त्यांनी. कुणी उतरलं नसतं आणि तुझं बेअरिंगही फिरत राहिलं असतं."

कापलेला एक पाइप खाली पडून वाजला.

"व्हय की," तो म्हणाला. "पहाटं तर लोखंड गार बी असतंय." मग कांताबाईकडं बघून म्हणाला, "आपल्याला बी सुचलं न्हाय बघ. पाळणा सांजचाच असतोय की, ताई. आज्जापास्नं दिवा लावूनच फिरवलाय. पहाटं कोण फिरवतंय?"

कांताबाईनं पदरानं सुनंदाच्या साडीला लागलेली लोखंडाची तांबडी भुकटी झटकली. झटकल्यानं ती जास्तच पसरली.

एवढी सगळी शहाणी माणसं त्या सभेत बसली होती. रिकामा पाळणा म्हणजे काय, याचा आम्ही कीस काढला. तो कधी फिरवता येईल, हे एकानंही विचारलं नाही. ज्यानं जन्मभर पाळणा फिरवला, त्यालाही सुचलं नाही. आणि मी, रोज सकाळी पृथ्वीला फिरवणारा मास्तर, फोन धरून उभा होतो. आमच्या सगळ्यांच्या मनात पाळणा म्हटलं की सांज, दिवे आणि गर्दी. पहाटेचा पाळणा आमच्यापैकी कुणी कधी बघितलाच नव्हता.

ती दोघं निघाली त्या दिवशी आईनं शेवटचा डबा भरून दिला. तो परत आला नाही. फळीवर त्याची जागा अजून मोकळी आहे. मी एकदा म्हटलं, गेला तुझा डबा. आई म्हणाली, "रिकामं द्यायला नको वाटलं आसंल तिला. म्हनून ठिवून घेतलं."

दशरथ आता काय करतो, नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं माळशिरसकडं गुऱ्हाळावर आहे, कुणी म्हणतं गावीच शेरडं राखतो. सुनंदाची मुदत संपली. आता आम्ही दोघंही साधे नागरिक आहोत आणि गटाराजवळून बेतानं जातो. नारायणकाका गच्चीवरून रोज हात करतात. त्यांना सुनंदाचे आभार मानायचे असतात आणि तिला ते घ्यायचे नसतात, म्हणून दोघं हवेबद्दल बोलतात. आईला आता फारसं आठवत नाही. ती खालच्या खोलीत खिडकीपाशी पडून असते. पाळणा कुठला, दशरथ कोण, विचारलं तर आपल्याकडेच बघत राहते.

यंदाच्या पाळण्याला मोटार आहे. शिट्टी वाजली की चालू, शिट्टी वाजली की बंद. हाक कुणी मारत नाही. त्याच्या मालकाकडं सुनंदा एकदा गेली होती, मला न सांगता. मला ते त्या मालकाकडूनच कळलं. तुमच्या मॅडम आल्या होत्या, म्हणाला. पहाटे एकदा फिरवून ठेवत जा, असं सांगत होत्या. कशाला ते काही कळलं नाही. नवीन आहे, अजून तेलसुद्धा सुकलेलं नाही.

काल पहाटे जाग आली तर शेजारी सुनंदा नव्हती. मी चहा टाकला, दोन कप घेऊन गच्चीच्या पायऱ्या चढलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मागच्या गल्लीत एकच माग चालू होता. ती कठड्याशी पाठमोरी उभी होती. समोर तो मोठा पाळणा, दिवे विझलेला, दंव पडलेला. वाऱ्यानं सगळ्यात वरचा एक डबा तेवढा हलत होता.

मी शेवटच्या पायरीवर थांबलो. मला वाटलं ती रडत असेल. ती रडत नव्हती. तिनं तोंडाशी हात धरला, आणि कुणाची झोप मोडू नये इतक्या हलक्या आवाजात, दशरथच्याच शब्दांत विचारलं,

"वर कोण हाय का?"

आणि थांबली. तो थांबायचा तशीच.

मैदानातून काही आलं नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कधी बोलायचं ते मला अजूनही कळत नाही. तेवढ्यात खालच्या खोलीच्या खिडकीतून, झोपेतून उठलेला, घोगरा आवाज आला.

"हाय रे बाबा, हाय."

सुनंदा कठडा धरून उभी राहिली. मी कप खाली ठेवले आणि डोळे उघडे ठेवून, जमेल तितका कठड्याच्या जवळ गेलो.